वाचलंस? मग सांग बघू

(सोलापुरातील एका अभ्यासिकेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

पुढच्या रांगेतल्या दहावीच्या मुलामुलींना वेगळा सलाम, कारण रविवारची सकाळ सोडून तुम्ही इथे बसलाय.

मी काल संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने आलो. तुमच्यातले बरेच जण या गाडीत बसले असतील. मला एक सांगा, या गाडीच्या नावातले हुतात्मे कोण? चौघांची नावं कोण सांगेल? (दोन-तीन हात वर होतात. एक मुलगा दोन नावं सांगतो. एक मुलगी तिसरं सांगते.) बरं. तीन झाली. चौथं राहिलं. आपण रोज चार हुतात्मा चौकातून जातो, पुतळे बघतो, १२ जानेवारीला शाळेत कार्यक्रम होतो, त्याला पंधरा दिवससुद्धा झाले नाहीत. आठवीच्या पुस्तकात ही नावं होती. तरी पाऊणशे माणसांत मिळून तीन नावं.

तुम्हाला खजील करायला विचारलं नाही. मला स्वतःला अठराव्या वर्षापर्यंत चारही नावं सलग सांगता येत नव्हती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३० साली सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याला फाशी दिली. मी नावं एकदाच सांगितली आहेत. ती लक्षात असू द्या, भाषण संपायच्या आधी परत विचारणार आहे.

आता विषयाकडे येतो. अभ्यासिकेच्या ताईंनी मला फोनवर सांगितलं, "भाई, पोरं गणित-विज्ञान करतात, इतिहासाची उजळणी करायचं नाव काढत नाहीत. तुम्ही येऊन जरा मोटिव्हेट करा." मी म्हटलं, मोटिव्हेट करणारी भाषणं मला जमत नाहीत. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. काही बिघडलं तर ते का बिघडलं, एवढंच मी शोधतो. तर मुलं इतिहासाची उजळणी का करत नाहीत, यावर बोलतो.

पहिलं कारण साधं हिशेबाचं आहे. समाजशास्त्राचे १०० गुण. त्यात इतिहास-राज्यशास्त्राची ४० गुणांची, दोन तासांची लेखी परीक्षा, भूगोलाची ४० ची, आणि २० शाळेकडे. वेळापत्रकात हे पेपर बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतात. त्यात 'बेस्ट ऑफ फाइव्ह'. मुलांच्या डोक्यात असतं की सहा विषयांतले चांगले पाच धरणार, मग इतिहास-भूगोल पडला बाजूला तर पडला. पालकही म्हणतात, "इतिहासात काय आहे, रात्री एकदा वाच. आधी गणित कर." मी पालकांना हात जोडून सांगतो, हे वाक्य घरात बोलू नका. एक तर आपल्यातल्या अनेक मुलांचं गणितच त्या पाचातून बाहेर पडतं आणि त्याची भरपाई समाजशास्त्राने होते. दुसरं म्हणजे, विषयाला घरातच किंमत नसेल तर अभ्यासिकेतल्या ताईंनी कितीही सांगितलं तरी उपयोग नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि ते मुलांना स्वतःलाही कळत नाही. इतिहासाचा धडा वाचला की तो 'येतो' असं वाटतं. गणितात तसं होत नाही. उदाहरण सुटलं नाही की लगेच समजतं, वही तोंडावर सांगते. इतिहासाचं पुस्तक काहीच सांगत नाही. तुम्ही वाचत जाता, मराठी ओळखीची, वाक्यं ओळखीची, दुसऱ्यांदा वाचताना आणखी ओळखीची. मन म्हणतं, झालं की. आणि झालेल्या गोष्टीची उजळणी कोण करेल? मुलं आळशी नसतात. त्यांना खरोखर वाटत असतं की हे झालंय.

माझं अगदी असंच झालं होतं. आमच्या वेळी पुस्तक वेगळं होतं, महायुद्धं वगैरे. मी ते पाच वेळा वाचलं होतं. शाळेतल्या सरांनी सांगितलेल्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. इतक्या, की रेघ नसलेली ओळ शोधावी लागायची. पूर्वपरीक्षेत 'पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा' असा प्रश्न आला आणि मला त्या पानाचा कोपरा दिसत होता, चित्र कुठे आहे ते दिसत होतं, पण कारण एकही आठवेना. काठावर पास झालो.

पुढे नोकरीत आल्यावर या गोष्टीचा छडा लागला. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले, एक सूर्याबद्दल, एक समुद्री ऊदमांजरांबद्दल, असे. एका गटाने चार सत्रांत उतारा फक्त वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पहिल्या गटाचं वाचन सरासरी चौदा वेळा झालं, दुसऱ्याचं साडेतीन वेळासुद्धा नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने परत घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१. आणि गंमत अशी, की 'आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?' असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री कोणाला होती? चौदा वेळा वाचणाऱ्यांना!

मुलांनो, हे दोन आकडे वहीत लिहून घ्या. ४० आणि ६१. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही, साधारण चाळीस दिवसांनी आहे.

म्हणजे उजळणीचा अर्थ 'परत वाचणे' असा नाही. पुस्तक मिटून आठवणे, अडखळणे, चुकणे, मग उघडून बघणे, याला उजळणी म्हणायचं. हे त्रासाचं आहे. वाचन हे खुर्चीत बसून दुसऱ्याचा व्यायाम बघण्यासारखं आहे. घाम येत नाही म्हणून आवडतं.

आता तुम्ही म्हणाल, भाई, हे सगळं अमेरिकेतलं. नाही. मी हे अमेरिकेच्या आधी आमच्या घरात शिकलो, फक्त तेव्हा कळलं नाही. त्या दिवसांत लोडशेडिंग असायचं, मोठ्यांना आठवत असेल. पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यानंतरची गोष्ट आहे. संध्याकाळी वीज गेलेली. अब्बा यंत्रमागावर, पण वीज नाही म्हणजे मागही बंद, ते दारात बसलेले. अम्मी मांडीवर सूप घेऊन मेणबत्तीच्या उजेडात विड्या वळत होती. तिचा हजाराचा हिशेब विजेसाठी थांबत नसे. मी म्हटलं, आता दिसत नाही, उद्या वाचतो. ती वर न बघता म्हणाली, "दिखता नै तो सुना. क्या पढा अबतक?"

अम्मी उर्दू दुसरीपर्यंत शिकलेली. मी सुरुवात केली, साराएवो नावाचं शहर होतं, तिथे २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला गोळी घातली, मग महायुद्ध सुरू झालं. तिचा हात थांबला. "एक शहजादे कू मारे तो सारी दुनिया कायकू लडी?"

मी गप्प. हा तोच प्रश्न होता जो पेपरात आला होता, 'कारणे लिहा'. पाच वेळा वाचलेल्या पुस्तकात मला हा प्रश्न कधी दिसलाच नव्हता. मेणबत्ती सरकवून पुस्तक उघडलं. ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं, सर्बियाच्या मागे रशिया, ऑस्ट्रियाच्या मागे जर्मनी, रशियाचा दोस्त फ्रान्स, जर्मनी बेल्जियममध्ये घुसली म्हणून इंग्लंड. मी एकेक करून सांगत गेलो. अम्मी म्हणाली, "अच्छा, म्हंजे गल्ली के झगडे में मामू उतरे, फिर उनके साढू उतरे. फिर क्या हुआ?"

त्या रात्री 'फिर क्या हुआ' मी किमान वीस वेळा ऐकलं असेल. मला गुप्त करार, साम्राज्यवाद, शस्त्रांची स्पर्धा हे शब्द आजही त्याच क्रमाने आठवतात, साढूसकट. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत रोज रात्री एक धडा अम्मीला सांगायचा, असा नेम झाला. तिला अभ्यास घ्यायचा नव्हता, तिला विड्या वळताना गोष्ट हवी होती. आणि मला पहिल्यांदाच कोणीतरी ऐकणारं भेटलं होतं. उद्या अम्मी विचारणार, म्हणून मी आज वाचायचो.

इथे बसलेल्या अनेक अम्मी, खाला मला म्हणतात, "हमें क्या समजता, हम क्या पढाना." तुम्हाला शिकवायचं नाहीच. मराठी वाचता येत नसेल तरी 'फिर क्या हुआ' आणि 'कायकू' हे दोन शब्द येतात ना? पुरे. मुलाला 'अभ्यास कर' म्हटलं की तो पुस्तक उघडून बसतो आणि तुम्हाला अभ्यास दिसतो. 'मला सांग' म्हटलं की खरा अभ्यास होतो.

आता माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी या अभ्यासिकेसाठी काहीतरी करावं म्हणून मी एक ॲप बनवलं. माझा धंदाच तो. दहावीच्या इतिहासाचे प्रश्न, बरोबर उत्तराला गुण, रोज कोण पहिला ते दाखवणारी यादी, रंगीत चांदण्या. तीन शनिवार-रविवार घातले. पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात यादीतले खालचे बारा जण गळाले. रोज स्वतःचं नाव तळाला बघायला कोणाला आवडेल? तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की वापरणाऱ्यांत मुलगी एकच आहे. बाकीच्यांकडे फोन नव्हता, घरातला एक फोन अब्बांबरोबर कामावर जायचा, आणि परत आला की भावाच्या हातात. मी पुण्यात बसून, सगळ्यांच्या हातात फोन आहे असं धरून चाललो होतो. एका पोराने तर यादीत वर राहण्यासाठी एकच सोपा प्रश्न पन्नास वेळा सोडवला होता. माझ्या प्रोग्रॅमने त्याला पन्नास वेळा गुण दिले. इंजिनिअर मी, आणि शहाणा तो!

मग ॲप बंद केलं आणि ताईंनी सुचवलं ते केलं. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात, जाड कागदाच्या. त्या कापून पत्त्यांएवढे तुकडे केले. कोऱ्या बाजूला वर प्रश्न, खाली उत्तर, मधून दुमडायचं, म्हणजे उत्तर झाकतं. चपलेचा खोका घ्यायचा, पुठ्ठ्याने त्यात तीन कप्पे करायचे. सगळे पत्ते पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की पत्ता दुसऱ्या कप्प्यात, परत बरोबर आलं की तिसऱ्यात. चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा. ही युक्ती माझी नाही, सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलेली आहे. आमची फक्त लग्नपत्रिका.

याचा फायदा असा, की मुलाला स्वतःची प्रगती दिसते. पहिला कप्पा रिकामा होत जातो, तिसरा भरत जातो. दुसऱ्या कोणाशी तुलना नाही. इतिहास जी गोष्ट सांगत नाही, म्हणजे तुला काय येतं आणि काय येत नाही, ती खोका सांगतो. हिशेब करून बघा. तुमच्या पुस्तकात इतिहासाचे नऊ आणि राज्यशास्त्राचे पाच, असे चौदा धडे. धड्याला दहा पत्ते धरले तर १४०. रोज वीस मिनिटं. चाळीस दिवसांत होणार नाही असं त्यात काही नाही.

पत्ते मात्र स्वतः लिहायचे. मैत्रिणीचे उतरवून घेतले किंवा गाईडमधून कापले तर निम्मा उपयोग गेला. कारण प्रश्न तयार करायला धडा समजावा लागतो. पहिले काही दिवस सगळे 'कोण' आणि 'केव्हा'च लिहितात. भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त कोण? सुकुमार सेन. भारत इतिहास संशोधक मंडळ केव्हा स्थापन झालं? ७ जुलै १९१०. हे हवेतच, पर्याय निवडा आणि चुकीची जोडी ओळखा यासाठी लागतात. पण प्रत्येक धड्याला निदान चार पत्ते 'का'चे हवेत. मतदानाचं वय २१ वरून १८ का आणलं, त्याने काय बदललं? राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड छापायची यातायात का केली, नुसता इतिहास लिहून का नाही थांबले? असा पत्ता लिहिला की 'सकारण स्पष्ट करा'ची भीती निम्मी जाते.

पहिल्या धड्याबद्दल मुलांची फार तक्रार असते, नुसती परदेशी नावं. व्हॉल्टेअर, रांके, हेगेल, मार्क्स, फुको. खरंय, पुस्तकाने एका धड्यात फार माणसं कोंबली आहेत. मी त्यांना सांगतो, प्रत्येकाला एक प्रश्न लावा. रांके म्हणतो, मूळ कागद दाखव. मार्क्स म्हणतो, साधनं कोणाच्या मालकीची होती ते सांग. सिमाँ द बोव्हा विचारते, यात बाया कुठे आहेत? नावं पाठ करू नका, पाच माणसं आपापला प्रश्न घेऊन तुमच्या अभ्यासिकेत आली आहेत असं समजा. मागच्या वर्षी एका पोरीने मार्क्सचा प्रश्न लगेच वापरला, "भाई, यंत्रमाग अब्बा चालवतात पण माग शेटचा आहे, असं का?" मी म्हटलं, पेपरात एवढं लिहू नकोस, पण धडा तुला समजला.

तिसरं कारण सांगतो. हे बोलावं की नाही याचा मी गाडीत विचार करत होतो. बोलतो.

गेल्या वर्षी इथे एक मुलगा होता. हुशार, विज्ञानात पुढे. इतिहासाचे पत्ते करायला तयार नाही. मला म्हणाला, "वो अपना सब्जेक्ट नै भाई." बराच वेळ खोदल्यावर निघालं ते असं. सातवीत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवताना अफझलखानाचा प्रसंग आला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "ए, तुमचा खान." वर्ग हसला. शिक्षक रागावले नाहीत, तेही हसले. त्या दिवसापासून त्याने इतिहासाच्या तासाला मान वर केली नाही. तीन वर्षं. घरी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काय झालं होतं? एक वाक्य तर होतं.

अशा मुलाला 'वीस मिनिटं काढ, गुण पडतील' सांगून काय होणार? त्याला पुस्तक उघडताना विषय दिसत नाही, तो वर्ग दिसतो. आणि हा एकच मुलगा आहे असं समजू नका. आज समोर बसलेल्यांपैकी काहींनी मान खाली घातली, ते मला इथून दिसलं.

त्याच्याशी मी वाद घातला नाही. दहावीच्या पुस्तकातला बखरींचा भाग काढला. भाऊसाहेबांच्या बखरीत कोणत्या लढाईचं वर्णन आहे? म्हणाला, पानिपत. १४ जानेवारी १७६१. मग मराठ्यांचा तोफखाना कोणाच्या हाताखाली होता? माहीत नाही म्हणाला. शोधून ये म्हटलं. पुढच्या रविवारी आला. इब्राहिमखान गारदी. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला, पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बाजूने लढला आणि जिवंत सापडल्यावर मारला गेला. समोर अब्दालीच्या बाजूने कोण कोण होतं, हेही तो काढून आला होता. आणि त्याचा प्रश्न होता, "भाई, मग ही लढाई कोणाची कोणाशी होती?" मी म्हटलं, आता तू इतिहासाचा विद्यार्थी झालास. लिही पत्ता.

पण इथे एक सावधगिरी. इब्राहिमखान सापडला म्हणून पुस्तक आवडलं आणि अफझलखान आला की पुस्तक मिटलं, असं व्हायला नको. इतिहासात 'आपली' माणसं मोजत बसणं आणि मागच्या बाकावरून 'तुमचा खान' म्हणणं, ही एकाच दोऱ्याची दोन टोकं आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सरदाराच्या वतीने सोलापुरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाने ना मान खाली घालायची, ना छाती फुगवायची. तो विजापूर दरबाराचा सरदार होता, तो का आला, महाराजांनी त्याला प्रतापगडाच्या पायथ्याशीच का गाठलं, तिथल्या डोंगर-जंगलाचा फायदा कसा घेतला, हे प्रश्न विचारायचे. तुमच्याच पुस्तकातला कल्हण बाराव्या शतकात काश्मीरचा इतिहास लिहिताना शिलालेख, नाणी, जुन्या नोंदी तपासून लिहितो. 'हे कशावरून?' विचारायची ती सवय लागली, की मागच्या बाकावरच्या वाक्यालाही शांतपणे विचारता येतं, कशावरून?

शिक्षकांनाही विनंती आहे. असा प्रसंग वर्गात झाला तर हसू नका. रागावूही नका वाटलं तर. फक्त त्या मुलाला नाही, सगळ्या वर्गाला प्रश्न विचारा.

तो मुलगा पुढे काय झाला विचाराल. इतिहास-राज्यशास्त्रात ४० पैकी ३३. फार मोठा आकडा नाही. पण शेवटच्या पंधरवड्यात तो इथे नववीच्या मुलांना पानिपत सांगत बसायचा, हे ताईंनी मला फोनवर सांगितलं.

उत्तरं लिहिण्याबद्दल थोडं, मग थांबतो. आपल्या मुलांची एक खास अडचण आहे. घरात दखनी, शाळेत मराठी, काहींची उर्दू माध्यमातून आलेली. उत्तर डोक्यात असतं, कागदावर येताना वाक्य मोडतं. म्हणून तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून लिहायचं. आठवड्यातून तीनच उत्तरं, पण घड्याळ लावून. आधी पुस्तकातला मुद्दा, मग त्याचं कारण, मग उदाहरण. उदाहरण आपलं असलं तर बिघडत नाही. मौखिक साधनं का जपायची, या प्रश्नावर इथल्या एका मुलीने पुस्तकातले मुद्दे लिहिले आणि शेवटी दोन ओळी स्वतःच्या नानीबद्दल लिहिल्या. नानीला गिरणीचा भोंगा किती वाजता व्हायचा, कोणत्या भोंग्याला नाना घराबाहेर पडायचे, सगळं पाठ आहे, आणि ते कुठल्याच कागदावर नाही. ती मुलगी मला म्हणाली, "नानी गेली की भोंगा पण गेला ना भाई." मी तिला म्हटलं, परीक्षा झाली की पहिलं काम, फोन मागून घे आणि नानीचं बोलणं रेकॉर्ड कर. तिने केलं. पाऊण तास. त्यात निम्मा वेळ नानी तिला 'जेवलीस का' विचारतेय, पण असू दे.

बक्षिसांबद्दल पालक विचारतात, इतके मार्क पडले तर सायकल देऊ का, मोबाइल देऊ का. द्यायचं तर द्या, तुमच्या खिशाचा प्रश्न आहे. आम्ही इथे बरोबर उत्तराला चॉकलेट देऊन पाहिलं. मुलं सोपे पत्ते वर काढून बसायला लागली. ज्या पत्त्यावर अडतो त्यावर बसण्याची सवय लावायची होती, आणि चॉकलेटने नेमकी उलटी सवय लावली. आता चॉकलेट शेवटी सगळ्यांना देतो, चुकलेल्यांनाही.

बरं. पुढच्या रांगेतल्यांनी आपापल्या कागदाची मागची बाजू काढा. शेजाऱ्याचं बघायचं नाही. चार नावं, एक तारीख, एक ठिकाण. दोन मिनिटं. पालकांनीही मनातल्या मनात आठवा, कोणी तपासणार नाही. ज्यांना आठवणार नाही त्यांनी घाबरू नका, त्यांचा पहिला पत्ता तयार झाला.

तोवर मी सांगतो. मागच्या टेबलावर कापलेल्या पत्रिका, कात्र्या आणि बारा खोके आहेत. खोके कमी पडले तर चौकातल्या चपलांच्या दुकानदारांनी आणखी द्यायचं कबूल केलंय, संध्याकाळी सहानंतर जा, गिऱ्हाईक असताना जाऊ नका. मुली आधी घेतील, मागच्या वेळी त्यांना उरले नव्हते. आज 'इतिहासलेखन : भारतीय परंपरा' या धड्याचे दहा पत्ते इथेच करून घरी न्यायचे. आणि इथे बसलेल्या सगळ्या अम्मींनी आज रात्री, काम करता करता, एका धड्याची गोष्ट ऐकायची आहे.

झाली दोन मिनिटं. कागद पालथे ठेवा. कोण वाचून दाखवतंय?